आईचा थायरॉईड वाढलाय, घरी काळजी कशी घ्यायची?

प्रश्न (अकोला): आईला ग्रेव्हज् (थायरॉईड ग्रंथी जास्त हार्मोन बनवते तो आजार) निघालाय. कार्बिमाझोल आणि प्रोप्रॅनोलॉल नुकत्याच सुरू झाल्यात. भूक दुप्पट, तरी वजन उतरतंय. कूलरसमोर बसूनही उकडतं म्हणते, रात्री दोनला उठून भांडी घासते, काही बोललं की अंगावर येते. डोळेही मोठे दिसतात. गोळ्या लागू पडत नाहीयेत का?

उत्तर १: मी मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. ताई, कार्बिमाझोल नवं हार्मोन बनणं रोखते. ग्रंथीत साठलेलं संपायला ३ ते ६ आठवडे जातात. तोवर धडधड आणि थरथर प्रोप्रॅनोलॉल सांभाळते. दमा असेल तर मात्र ती गोळी चालत नाही, डॉक्टरांना सांगितलंय ना?

नाडी आई गाढ झोपल्यावर मोजा, मनगटावर हलकेच बोटं ठेवून, पूर्ण मिनिटभर. जागेपणी रागानेही वाढते. झोपेतही शंभराच्या वर राहत असेल तर लिहून डॉक्टरांना दाखवा.

सगळ्यात महत्त्वाचं: घसा दुखला, तोंड आलं किंवा ताप आला तर 'क्रोसिन देऊन बघू' करायचं नाही. पुढची कार्बिमाझोल देऊ नका, लगेच डॉक्टरांना कळवा आणि त्याच दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) करा. क्वचित कार्बिमाझोलने पांढऱ्या पेशी एकदम उतरतात. आणि जोराचा ताप, बेफाम नाडी, बरळणं असं एकत्र दिसलं तर थेट कॅज्युअल्टी.

डोळ्यांसाठी उशाला उंची द्या, बाहेर गॉगल. झोपेत पापण्या पूर्ण मिटत नसतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवाच. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर अंगणात हाकला, धुराने डोळे बिघडतात.

चिडचिड आजाराची आहे. वाद घालू नका, भांडी घासू द्या.

उत्तर २: आमच्याकडे अश्वगंधा दिली होती, झोप छान लागते.

उत्तर १: दादा, अश्वगंधेने थायरॉईडचं हार्मोन वाढू शकतं. यांना नको.

उत्तर ३: मिस्टरांचा उपचार सुरू होऊन बरेच दिवस झाले. टी-फोर (थायरॉईडचं हार्मोन) नॉर्मल, पण टीएसएच (थायरॉईडला चालवणारं हार्मोन) अजून तळाशीच. डोस वाढवायचा का?

उत्तर १: टीएसएच महिनोन्‌महिने दबलेला राहतो. सुरुवातीला टी-फोर, टी-थ्री बघूनच डोस ठरतो. मनाने वाढवू नका.

प्रश्नकर्ती: थँक्यू सिस्टर. दमा नाहीये. काल झोपेत नाडी १०८ भरली, सकाळी डॉक्टरांना कळवते. बाबांची खुर्ची अंगणात गेली.