मदत हवी आहे: बालीत एका दिवसात देवळं, धबधबा आणि भाताची खाचरं

अबोली_२२ (धागाकर्ती)
पुढच्या आठवड्यात बालीला जातोय. शनिवार गाइडबरोबर फिरायला ठेवलाय. टूरवाल्याने पाठवलेला कार्यक्रम: लेम्पुयांग देवळाचं दार, तीर्था एम्पुल (झऱ्याच्या पाण्यात अंघोळ करायचं देऊळ), तेगेनुंगान धबधबा, तेगलालांगची भातशेती, उलुन दानू ब्रातानचं देऊळ आणि सूर्यास्ताला ताना लोटचं देऊळ. सकाळी सहाला गाडी, रात्री आठला परत. घ्यावा का? त्याला आज रात्रीपर्यंत उत्तर द्यायचंय, नाहीतर भाव वाढेल म्हणतो. प्लीज लवकर सांगा. नेटवर वाचून डोकं फिरलंय, प्रत्येकजण वेगळंच लिहितो.

गिरीभ्रमण
निघणार कुठून? उबुद, कुटा, सानूर? किती जण? बरोबर लहान मुलं, म्हातारी माणसं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सह्यकडा
गाइड वगैरे काही लागत नाही. स्कूटर भाड्याने घ्या. आम्ही दोघांनी पाच दिवस स्कूटरवर बाली पालथी घातली. वाटेत कुठेही थांबता येतं, खाचरांच्या मधल्या वाटांवर गाडी जातच नाही. गाडीतून बाली बघणं म्हणजे काचेतून जेवण बघणं.

मृण्मयी
@सह्यकडा, आंतरराष्ट्रीय परवाना होता का तुमच्याकडे? तो नसताना अपघात झाला तर प्रवासविमा हात वर करतो. माझ्या भावाचा पाय तिथे मोडला तेव्हा दवाखान्याचं सगळं बिल घरून भरावं लागलं. नवख्या माणसाला स्कूटर सुचवू नका हो.

सह्यकडा
परवाना होता. सावकाश चालवली तर काही होत नाही.

प्रवासी_पुणेकर
व्हिसा विमानतळावर उतरल्यावर मिळतो, पाच लाख रुपिया, तीस दिवसांचा. त्याशिवाय फेब्रुवारी २०२४ पासून बालीत शिरणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला दीड लाख रुपिया कर आहे, तो आधीच ऑनलाइन भरून ठेवा. आकडे ऐकून घाबरू नका, तिथे सगळंच लाखात असतं.

अबोली_२२
व्हिसा, कर सगळं झालंय. कुटाला आहोत, हॉटेल बदलणार नाही. चौघं आहोत. प्रश्न एवढाच की हा कार्यक्रम घ्यावा का.

डेन्पसारकर
मी नोकरीनिमित्त सहा वर्षं इथे आहे. हा कार्यक्रम घेऊ नका. कारण सांगतो.

नकाशा उघडा. लेम्पुयांग पूर्वेच्या टोकाला, कारांगासेममध्ये. कुटाहून जायलाच अडीच तास. तिथे त्या दुभंगलेल्या दारात फोटो काढायला नंबर लागतो, आणि जुलैत गर्दी भरात असते, दोन-दोन तास रांगेत जातात. फोटोत दिसणारं पाणी तिथे नाही. फोटो काढणारा माणूस मोबाइलच्या खाली आरसा धरतो, त्याचं ते प्रतिबिंब. डोंगरावरचं मूळ देऊळ आणखी सतराशे पायऱ्या वर आहे, तिकडे या टूरमधलं कुणी जात नाही.

तीर्था एम्पुल आणि तेगलालांग उबुदच्या उत्तरेला जवळजवळ आहेत. तेगेनुंगान उबुदच्या दक्षिणेला, म्हणजे कुटाहून जाताना वाटेवर. उलुन दानू ब्रातान मात्र वायव्येला, १२०० मीटरच्या वर, तळ्याकाठी. ताना लोट पश्चिम किनाऱ्यावर. चौदा तासांतले आठ-नऊ गाडीत जातील. प्रत्येक ठिकाणी उतरा, फोटो काढा, चढा.

मला एक सांगा, चौघांत कोण कोण आहे?

अबोली_२२
मी, नवरा, मुलगा (इंजिनिअरिंगला आहे, त्याची सुट्टी आत्ताच), आणि आई. आई अडुसष्ट वर्षांची आहे. तशी ठणठणीत आहे, फक्त दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

गिरीभ्रमण
अहो ताई, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!

मृण्मयी
मग तेगेनुंगान खाली उतरून नको. दीडशेच्या वर पायऱ्या आहेत, धबधब्याजवळच्या ओल्या. वरून, गाड्या लागतात तिथूनही तो चांगला दिसतो. आईंना वर बसवा आणि बाकीचे उतरा. टूरवाला गुनुंग कावी घुसवेल तर तेही नको, तिथे तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. कातळात कोरलेली अकराव्या शतकातली स्मारकं फार सुंदर आहेत, पण परतीची चढण गुडघा विसरू देत नाही.

केतकीचं_बन
गाइड नक्की काय करणार हेही विचारा. आम्हाला 'गाइडेड टूर' म्हणून दिलेला माणूस ड्रायव्हर होता. भला माणूस, पण देवळाच्या दाराशी सोडून गाडीत झोपायचा. आत काय आहे ते आम्हाला काहीच कळलं नाही. शिवाय मधे एका चांदीच्या दुकानात आणि एका कॉफीच्या बागेत नेलं. उदमांजराच्या विष्ठेतल्या बियांची कॉफी, ती पिंजऱ्यातली मांजरं बघून माझ्या मुलीला रडू आलं. दीड तास तिथेच गेला आणि ब्रातानला पोचेपर्यंत धुकं उतरलं. दुकानात थांबायचं नाही हे आधी लिहून घ्या.

प्रवासी_पुणेकर
शाकाहारी असाल तर 'तेरासी' हा शब्द लक्षात ठेवा, सुकवलेल्या कोळंबीची चटणी असते ती. भाजीतही घालतात. गादो-गादो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) घेतलंत तरी विचारून घ्या. टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) बिनधास्त खा.

अबोली_२२
आम्ही मासे खातो. 😊 बरं, मग लेम्पुयांग काढते. बाकीचं ठेवू?

पाटकरी
माझं मत थोडं वेगळं. तेगलालांग काढा आणि जतिलुवीहला जा. तेगलालांगमध्ये आता झोके, फोटोची घरटी आणि कॅफे यांचीच दाटी. जतिलुवीह हे खरं गाव आहे, सहाशे हेक्टरहून अधिक खाचरं, बातुकारू डोंगराच्या उतारावर. २०१२ साली युनेस्कोच्या यादीत बालीची 'सुबाक' पद्धत गेली, त्यात जतिलुवीह आहे.

सुबाक समजून घेतलं नाही तर ती खाचरं नुसती हिरवी शोभा वाटतात. एका पाटाचं पाणी पिणारे सगळे शेतकरी म्हणजे एक सुबाक. पाणी कुणाला कधी, पेरणी कुणी कधी, हे ते पाण्याच्या देवळात बसून ठरवतात. सगळ्या शिवारात एकाच वेळी पीक उभं राहतं आणि एकाच वेळी रान रिकामं होतं, त्यामुळे किडीला खायला उरत नाही. सत्तरच्या दशकात सरकारने नवीन बियाणं आणलं, 'जमेल तितक्या वेळा पीक घ्या' म्हटलं, आणि वेळापत्रक मोडल्यावर कीड आणि पाण्याची मारामार सुरू झाली. स्टीफन लान्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने देवळांचंच वेळापत्रक कसं बरोबर होतं ते संगणकावर मांडून दाखवलं.

मी खानदेशातला. आमच्या पांझरा नदीवरची फड पद्धत याच जातीची. बंधाऱ्याखालचं रान फडांत वाटलेलं, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी सोडणारा पाटकरी. आजोबा ते काम करायचे, म्हणून हे नाव घेतलंय. जतिलुवीहला पाटाच्या तोंडाशी दगड-मातीचा बांध सरकवून पाणी फोडताना एक माणूस पाहिला आणि मला आजोबांचे हात आठवले.

सह्यकडा
फडाची तुलना ओढूनताणून वाटते. आपल्याकडे ऊस, तिथे भात.

पाटकरी
पीक वेगळं, पाणी वाटून घेण्याची रीत तीच. पांझरेकाठी या एकदा, दाखवतो.

गिरीभ्रमण
फडाचा वेगळा धागा काढा, मीही लिहीन. इथे ताईंना रात्रीपर्यंत उत्तर द्यायचंय.

मृण्मयी
मला एक विचारायचंय. अबोली, आईंना स्वतःला काय बघायचंय? तुमच्या एकाही उत्तरात ते नाही.

अबोली_२२
आत्ता फोन करून विचारलं. मला वाटलं होतं ती 'काहीही चालेल' म्हणेल. म्हणाली, तीर्थात उतरायचंय, आणि भात बघायचाय. ती राजापूरकडची, लग्नाआधी दरवर्षी लावणीला असायची. धबधबा म्हणाली, तुमचा तुम्ही बघा.

डेन्पसारकर
मग सगळं सोपं झालं. उलुन दानू सोडा. १६३३ चं देऊळ आहे, जुन्या ५०,००० रुपियाच्या नोटेवर होतं, तळ्यात तरंगल्यासारखं दिसतं, सगळं सपाट आहे, पण तुमच्या वाटेपासून लांब पडतं.

टूर घेऊ नका, ड्रायव्हरसकट गाडी दहा-बारा तासांसाठी घ्या. साडेसहाला निघा. आठपर्यंत तीर्था एम्पुल. नऊनंतर बस येतात आणि धारांखाली रांग लागते. तिथून दीड-पावणेदोन तासांत जतिलुवीह, जेवण तिथेच, लाल तांदळाचा भात मिळतो. परतताना ताना लोट सूर्यास्ताला. तीन ठिकाणं, बास.

तीर्था एम्पुलबद्दल: देऊळ इसवी सन ९६२ च्या सुमाराचं. मायादानव नावाच्या राजाने पाण्यात विष कालवलं तेव्हा इंद्राने जमिनीत बाण मारून झरा काढला अशी कथा आहे. आत मागच्या कुंडात तो झरा वाळू उडवत वर येताना दिसतो, ते चुकवू नका. अंघोळीसाठी हिरवं वस्त्र भाड्याने देतात. डावीकडून सुरू करायचं, प्रत्येक धारेखाली डोकं धरायचं. दोन धारा मृतांच्या विधीच्या आहेत, त्या सोडायच्या. तिथला स्थानिक गाइड तासाभरासाठी घ्या, टूरच्या गाइडपेक्षा तोच कामाचा. पाणी कमरेच्या वर असतं आणि उतरायच्या दगडी पायऱ्या निसरड्या, तेव्हा आईंचा हात दोन्हीकडून धरा.

केतकीचं_बन
साडी चालते. माझ्या सासूबाई साडीतच होत्या, फक्त कमरेला पट्टा बांधायला लावला. आणि पाळी असेल तर देवळात जायचं नाही असे फलक दाराशीच असतात.

ओंजळ
हे वाचूनच मला राग येतो. आपल्याकडे त्याच्याशी भांडतोय आणि तिथे पैसे भरून जायचं? मी नाही गेले. बाहेर बसून राहिले.

केतकीचं_बन
राग समजतो. पण त्यांचा नियम फक्त बायकांपुरता नाही. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर पुरुषांनाही बंदी, आपल्या सुतकासारखं. पाहुण्याने यजमानाच्या देव्हाऱ्याशी वाद घालू नये असं मला वाटतं.

ओंजळ
सुतक संपतं, बाईपण संपत नाही. माझं मत बदलणार नाही. अबोली, तुमच्या धाग्यात हे आणल्याबद्दल क्षमस्व.

पाटकरी
एक राहिलं. जुलैत जतिलुवीहला लाल भाताची कापणी असते. हिरवंगार मिळेलच असं नाही. ड्रायव्हरकडून आदल्या दिवशीचा फोटो मागवा.

अबोली_२२
टूरवाल्याला नाही म्हटलं. मग लगेच भाव कमी केला त्याने! गाडी ठरवली, दुकानात थांबायचं नाही हे मेसेजवर लिहून घेतलं. धबधबा रविवारी नवरा आणि मुलगा करतील. सगळ्यांचे मनापासून आभार, आल्यावर लिहीन.

अबोली_२२ (बारा दिवसांनी)
आलो. आठच्या आत तीर्था एम्पुलला होतो. कुंडातले मासे बघून मुलगा आधी उतरेना, आई उतरली. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला गाइडदादा. पाणी इतकं गार की पाचव्या धारेपर्यंत तिचे दात वाजायला लागले, मग बाहेर काढलं. नंतर अर्धा तास उन्हात बसली आणि बांबूच्या पानांच्या का नारळाच्या, त्या द्रोणांत फुलं कशी मांडतात ते एका बाईकडून शिकली.

@पाटकरी, तुमचं खरं झालं. अर्धी खाचरं कापलेली होती. मी हिरमुसले, पण आई खूश. आमच्याकडे लावणी चालू आणि इथे कापणी, असं चारदा म्हणाली. रस्त्याच्या कडेलाच तीन बायका एकेक लोंबी कापून पेंढी बांधत होत्या. विळा नाही, तळहातात मावेल एवढं पातं, बोटांत लपवलेलं. ड्रायव्हर म्हणाला, देवी श्रीला, म्हणजे भाताच्या देवीला, पातं दिसून भीती वाटू नये म्हणून. आईने बांधावर पडलेली एक लोंबी उचलली, तळहातावर चोळली, फुंकर मारून तूस उडवलं आणि दाणा दाताखाली धरला. म्हणाली, "अजून दोन दिवस ऊन लागेल याला." त्यातल्या म्हाताऱ्या बाईने आईच्या हाताकडे बघून बोटं वर केली. दोन.

ताना लोटला पोचलोच नाही. आईला तिथून हलवलंच नाही कुणी.

मृण्मयी
आईंना नमस्कार सांगा. गुडघा कसा आहे?

अबोली_२२
गुडघा ठीक आहे. सध्या द्रोण करतेय, अंगणातल्या माडाचे.

नवा_सभासद_९१
ड्रायव्हरचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवता का? आम्ही सहा जण आहोत, ऑगस्टमध्ये जातोय.

गिरीभ्रमण
राहणार कुठे? बरोबर कोण कोण?