20000 ची पॉवर बँक, फोन तीनदाही भरत नाही. डुप्लिकेट का?

सत्तरीकर
नमस्कार मंडळी. चतुर्थीच्या आधी म्हापशात 20000 एमएएचची पॉवर बँक घेतली. आम्ही वाळपईच्याही पलीकडे राहतो. पावसात जरा वारा सुटला की तारेवर फांदी पडते नि लाइट जाते, मग ती कधी येईल याचा नेम नाही. माझा फोन 5000 चा, म्हणजे चार वेळा भरायला हवा ना? दोनदा पूर्ण भरतो, तिसऱ्यांदा सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर बँक मान टाकते. दुकानदार म्हणतो, "असंच असतं." मेव्हणा म्हणतो, डुप्लिकेट आहे, असल्यांच्या आत वाळू भरतात. घरच्या घरी खरं-खोटं कसं करायचं? शिवाय लाइट गेल्यावर याच बँकेवर वाय-फायचा राउटर चालवायचा विचार आहे, काम ऑनलाइन असतं.

मांडवीकाठ
बिल असेल तर आजच बदलून घ्या. 20 म्हणजे 20, पाच चोक वीस, एवढं सोपं आहे.

फोंड्याचा रिपेअरवाला
एवढं सोपं नाही हो. दुकानदार बरोबर सांगतोय, फक्त कारण सांगायचा त्याला कंटाळा आला असेल.

सत्तरीकर बाब, 20000 एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे किती करंट किती वेळ मिळेल त्याचं माप) हा आकडा आतल्या सेलचा, आणि सेल असतो 3.7 व्होल्टचा. गुणाकार करून हजाराने भागलं की 74 वॅट-तास, म्हणजे साठलेली एकूण वीज. ही तुमची खरी पुंजी. पण यूएसबीतून बाहेर पडताना ते 5 व्होल्ट करावे लागतात. व्होल्ट चढले की एमएएच उतरणारच: 74 भागिले 5 म्हणजे 14.8 अँपिअर-तास, अर्थात 14800 एमएएच. चढवणारं सर्किट त्यातले दहा-पंधरा टक्के गरम होण्यात घालवतं. हाती उरले साडेबारा ते तेरा हजार. बँक पालथी घाला, मुंगीएवढ्या अक्षरात "रेटेड कपॅसिटी" असेल, तिथे कंपनीने स्वतःच बारा-तेरा हजारांच्या आसपास लिहिलेलं सापडेल. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात मात्र 20000.

आता फोन. 5000 एमएएच गुणिले साधारण 3.85, म्हणजे 19 वॅट-तासांच्या थोडं वर. भरताना फोनही तापतो, तेव्हा एका फुल चार्जला बँकेतून 22 च्या आसपास जातात. तुमचे पावणेतीन चार्ज म्हणजे साठेक वॅट-तास झाले. वाळूतून एवढं निघत नाही, मेव्हण्याला सांगा.

तरी मोजायचं असेल तर फोनवर मोजू नका. ऐंशी टक्क्यांनंतर तो करंट कमी-कमी घेतो, मध्येच स्क्रीन पेटते, व्हॉट्सॲप वाजतं, आणि टक्के हा शेवटी सॉफ्टवेअरचा अंदाज. माझ्या टेबलावर मी असं करतो: यूएसबी मीटर (काही शे रुपयांना मिळतो) आणि 4.7 ओहम, 10 वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर. जुन्या चार्जिंग केबलचं एक टोक कापून लाल-काळी वायर रेझिस्टरला जोडायची. साधारण एक अँपिअर वाहतो, सव्वापाच वॅटचा एकसारखा लोड. बँक फुल भरून सकाळी लावून द्या, रात्री जेवणाच्या सुमाराला बंद पडेल. मीटरवर एमएएच दिसतील, वॅट-तासही दिसतील; वॅट-तासच बघा. बँकेबरोबर मीटरही विझतो, म्हणून शेवटचा आकडा लक्षात ठेवणारा मीटर घ्या.

रेझिस्टर लादीच्या तुकड्यावर ठेवा. बोट लावाल तर फोड येईल, आणि टेबलक्लॉथवर ठेवलात तर घरात बोलणी मी नाही खाणार.

जाता जाता केबलही तपासा. फोनच्या टोकाला मीटर लावून एक अँपिअरवर व्होल्ट बघा. जाड आखूड केबलवर 4.9 दिसतो, फुकट मिळालेल्या बारीक केबलवर साडेचारच्याही खाली जाताना मी पाहिलाय. शिव्या मात्र बँकेला बसतात. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या "खराब" बँकांचा सॉकेट हिरवा पडलेला असतो, खाऱ्या हवेचा प्रताप. मंद टॉर्चखाली पिना दिसत नाहीत, भिंग घ्या.

पेडण्याची बाय
दादांच्या हिशेबात भर. मीटर नसेल तर निदान वजन करा. इथे किनाऱ्यावर 50000 लिहिलेली, खिशात मावणारी बँक विकायला येते. 50000 म्हणजे 185 वॅट-तास. चांगल्यातला चांगला लिथियम सेलसुद्धा किलोला 250 वॅट-तासांच्या आसपास देतो, म्हणजे नुसते सेलच पाऊण किलो भरायला हवेत! भाजीवालीच्या काट्यावर ठेवली तर पाव किलोसुद्धा नाही. तुमची 20000 ची साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरत असेल तर निर्धास्त राहा.

शिवाय मागे बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) "आर" ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. भलत्याच कंपनीचं नाव आलं तर समजून जा.

आणि हो, इअरबड्स किंवा बारीक दिवा लावला की बँक थोड्या वेळाने आपोआप बंद होते, तो बिघाड नव्हे. करंट फार कमी असला की तिला वाटतं काही जोडलेलंच नाही. काही बँकांत बटण दोनदा दाबलं की लो-करंट मोड सुरू होतो.

सत्तरीकर
देव बरें करूं! वजन 390 ग्रॅम. मागे 12500 लिहिलंय, 5 व्होल्टला. रेझिस्टर पणजीहून आणवला नि दादांनी सांगितल्याप्रमाणे लावून दिला. मीटर 61.4 वॅट-तासांवर थांबला. मेव्हणा आता म्हणतो, मीटर डुप्लिकेट.

आता राउटरचं सांगा. अडॅप्टरवर 12 व्होल्ट, 1 अँपिअर आहे. 5 चे 12 करणारी केबल मिळते म्हणे.

फोंड्याचा रिपेअरवाला
मिळते, आणि चालतेही. राउटर 12 वॅट पूर्ण खात नाही, बहुधा सात-आठ. केबलचं सर्किट आणखी थोडं खाईल, पण तुमच्या 61 वर सहा-सात तास निघायला हरकत नाही. बँकेचा पोर्ट 5 व्होल्टला निदान 2 अँपिअरचा हवा. फायबर इंटरनेटचा डबा राउटरपासून वेगळा असेल तर त्यालाही वीज लागेल, ते विसरू नका.

अडचण दुसरीच आहे. बँक चार्जिंगला लावून त्याच वेळी राउटर चालवलात, तर लाइट जाता-येता बऱ्याच बँका क्षणभर आउटपुट तोडतात. राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू, आणि मिटिंगमधून तुम्ही गायब. शिवाय बारमाही फुल चार्जवर गरम ठेवली की सेल लवकर म्हातारे होतात. रोजचंच असेल तर राउटरसाठी 12 व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या नि बँक फोनसाठी ठेवा.

मांडवीकाठ
बरं, पाच चोक वीस मागे घेतो. माझी 10000 ची आहे, तिला किती वॅट-तास यायला हवेत?

पेडण्याची बाय
तीस-एकतीस आले तर ठीक. पंचविसाच्या खाली गेले तर बिल शोधा.