पुण्यातल्या बालाजीनगरचं मेट्रो स्टेशन आणि आपलं रिडेव्हलपमेंट: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

*सी-7:* सर्वांना नमस्कार. बिल्डरचा माणूस काल पुन्हा येऊन गेला. म्हणतो, बालाजीनगरला मेट्रो येतेय, तुम्हाला 4 एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम) मिळणार, लवकर सह्या केल्यात तर कार्पेट (घराच्या आतलं क्षेत्रफळ) वाढवून देतो. मला वाटतं संधी दवडू नये. गच्ची दर पावसाळ्यात गळते, लिफ्ट नाही, ज्येष्ठांचे किती हाल होतात ते बघतोच आपण.

*ए-4:* आधी सांगा, स्टेशनचा जिना धनकवडीच्या बाजूला निघणार की रस्त्यापलीकडे? बीआरटीचे (बससाठीच्या वेगळ्या मार्गाचे) थांबे सातारा रस्त्याच्या मधोमध केले, तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. गुडघे दुखायला लागल्यापासून मी बसनं मंडईत जात नाही. बसमध्ये बसवतं हो, तो रस्ता ओलांडवत नाही.

*बी-11:* काकू, अगदी मुद्द्याचं बोललात. थोडं सविस्तर लिहिते, कृपया सगळ्यांनी वाचा.

स्वारगेट ते कात्रज हा 5.46 किमीचा भुयारी मार्ग केंद्रानं ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केला, तेव्हा त्यात तीनच स्टेशनं होती आणि बालाजीनगर त्यात नव्हतं. लोकांनी लावून धरलं म्हणून बालाजीनगर आणि बिबवेवाडी नंतर वाढवली. म्हणजे मागितलं तर बदल होतो. मग आता जिना, लिफ्ट आणि सरकता जिना आपल्या बाजूलाही हवा, हे लेखी मागू या. स्टेशन जमिनीखाली आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना दारं काढली तर तोच रस्ता ओलांडायचा भुयारी मार्ग होईल. मेट्रोनं न जाणाऱ्यालाही त्याचा उपयोग.

आता 4 एफएसआयबद्दल. स्टेशनभोवतीच्या 500 मीटरच्या पट्ट्यात टीओडीखाली (मेट्रोलगतच्या बांधकामाच्या नियमांखाली) जास्तीत जास्त 4 मिळतो, हे खरं. पण तो कमाल आकडा आहे. प्रत्यक्षात किती मिळणार ते प्लॉटचं क्षेत्रफळ आणि समोरच्या रस्त्याची रुंदी यावर ठरतं, आणि जादा एफएसआयसाठी प्रीमियम (वेगळं शुल्क) भरावा लागतो. आपली गल्ली किती रुंद आहे ते आपण रोज बघतो. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. सातारा रस्त्याला लागून असलेल्या मोठ्या प्लॉटला जे मिळेल ते आपल्याला मिळणार नाही. 4 चं गणित धरून कुणी कार्पेटचा शब्द दिला, तर तो पाळता येणार नाही आणि काम अर्धवट अडकेल. मला खरी भीती त्याचीच वाटते. भाड्याच्या घरात सामान पडलेलं आणि इथे नुसता खड्डा.

*सी-7:* ताई, पण थांबलो आणि ऑफर गेली तर?

*बी-11:* दादा, स्टेशन कुठे जाणार नाही. प्लॉटही इथेच आहे. महापालिकेकडून झोन दाखला (प्लॉट कुठल्या झोनमध्ये येतो त्याचा) घेऊ, आपला आर्किटेक्ट नेमून फिजिबिलिटी रिपोर्ट (प्रत्यक्षात किती जमेल त्याचा अहवाल) करून घेऊ, मग टेंडर काढू. बिल्डरनं दिलेल्या कागदावर आपला निर्णय नको.

*सेक्रेटरी:* नियमाची आठवण करून देतो. सहकार कायद्याच्या कलम 79 अ खालच्या 4 जुलै 2019 च्या जीआरप्रमाणे (सरकारी आदेशाप्रमाणे) बिल्डर निवडायच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात आणि एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्के संमती लागते. घरोघरी फिरून गोळा केलेल्या सह्यांनी निवड होत नाही. तसंच आपलं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) अजून झालेलं नाही, ते आधी मार्गी लावावं लागेल.

*सी-2:* पाणी आणि ड्रेनेजचंही बघा. आत्ताच उन्हाळ्यात टँकर मागवतो. गल्लीतल्या प्रत्येक सोसायटीनं मजले वाढवले तर पाइपलाइन तीच राहणार का?

*ए-9:* आम्ही भाडेकरू, आमचं मत धरत नाहीत हे माहीत आहे. तरी सांगतो, मी रोज कामाला शिवाजीनगरला जातो. स्टेशनपर्यंत सलग फूटपाथ आणि दिवे हवेत. नकाशावरचे 500 मीटर सरळ रेषेत मोजतात, चालताना ते कितीतरी जास्त होतात. पत्रात हेही घाला.

*बी-11:* नक्की घालते. तुम्ही तर रोज जाणार, तुमचं मत आधी.

*ए-4:* पत्रावर पहिली सही माझी. शेजारच्या दोन्ही सोसायट्यांतल्या बायकांशी मी बोलते, एकट्या सोसायटीचं पत्र बाजूला पडतं.

*सेक्रेटरी:* ठीक. महामेट्रो आणि महापालिका, दोघांना देऊ आणि पोच घेऊ. रविवारी सकाळी 10 वाजता पार्किंगमध्ये जमू. सी-7, बिल्डरला कळवा की सभा होईपर्यंत कुणीही सही करणार नाही.

*सी-7:* कळवतो. रविवारी मोजपट्टी आणतो, गल्लीची रुंदी आपणच मोजून ठेवू.