'वेस्टलँड'ला मराठीत काय म्हणायचं? सडा 'पडीक' कसा?

कातळवाट:
राजापूर तालुक्यातल्या एका ग्रामसभेसाठी जमीनवापराचा तक्ता मराठीत करून देतेय. मूळ इंग्रजी आहे, कुठल्याशा सल्लागारांनी केलेलं. शेती, फळबाग, वन, वस्ती, खाडी पटापट झालं. शेवटच्या ओळीत अडकले, 'वेस्टलँड'. मी 'पडीक' लिहून सासऱ्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "सडा कधी कुणी कसला होता, म्हणून पडीक पडला?" त्यांच्या लेखी पडीक म्हणजे कसून मग टाकलेली जमीन. आमच्या दारासमोरचं खाचर चुलते मुंबईला गेल्यापासून लावलेलं नाही, ते पडीक. सडा म्हणजे आमच्या डोंगरावरचं जांभ्या कातळाचं सपाट पठार, सडा तो सडा. पण रकान्यात 'सडा' लिहावं तर आमच्या निम्म्या आंबाबागा सड्यावरच आहेत. संध्याकाळपर्यंत द्यायचंय, सुचवा.

सातबारावाले:
सासरे बरोबर आहेत, पण सरकारी आकडेवारी त्यांच्या बाजूने नाही. हयात तलाठी म्हणून गेली, तेव्हा सांगतो. जमीनवापराची वर्गवारी नऊ प्रकारांची. यंदा पेरली नाही ती चालू पड. त्याहून जुनी, पण पाच वर्षांच्या आतली, ती इतर पड. पाच वर्षं उलटली की मशागतयोग्य पडीक. त्यात ती पूर्वी कधी कसली होती की नाही हे कुणी विचारत नाही. आणि नुसता कातळ असेल तर 'नापीक व मशागतीस अयोग्य' हे वेगळंच खातं. म्हणजे ताई, तुमच्या एका 'वेस्टलँड'मध्ये मुळात दोन खाती कोंबली आहेत.

गजाली:
आमच्या आजयेक कोणी सांगल्यान असता की सडो पडीक आसा, तर ती म्हणाली असती, "तां पडीक कित्याक? गुरां खंय चरतत मगे?" शुद्ध मराठीवाल्यांनी माफ करा, पण 'पडीक' हा शब्द गुरं नसलेल्या माणसाने काढलेला आहे.

व्याकरणवेडा:
भावना कळल्या. तरी 'पडीक' हा पडणे धातूपासूनचा सरळ मराठी शब्द आहे. फार तर 'वैराण' किंवा 'उजाड' घ्या. इंग्रजी शब्द देवनागरीत ढकलू नका, एवढंच.

कातळवाट:
उजाड? श्रावणात या. आमच्या सड्यावर 'सीतेची आसवं' या निळ्या फुलांचा गालिचा असतो, मधूनमधून गेंदाच्या फुलांची पांढरी बटणं. पावसाच्या सुरुवातीला दिपकाडी फुलते, ती तर कोकणच्या कातळाखेरीज फारशी कुठे दिसतही नाही. आणि उतारावरचे झरे एप्रिलपर्यंत कशावर चालतात? सड्याने पोटात मुरवलेल्या पाण्यावर.

व्याकरणवेडा:
मी भाषेबद्दल बोलत होतो, वनस्पतीशास्त्राबद्दल नाही.

आगरकर_रेवदंडा:
इथेच तर गोम आहे साहेब. आपल्याकडच्या जुन्या शब्दांत जमीन कुणाच्या कामी येते ते दिसायचं. 'वरकस' घ्या. देशावरचे लोक वरकस म्हणजे हलकी, उरलीसुरली असं समजतात. 1948 च्या कुळकायद्यातली व्याख्या बघा, भातशेतीसाठी राब, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर जाळायचा पालापाचोळा, पुरवणारी ती वरकस. म्हणजे खालच्या खाचराचं वरच्या डोंगराशी नातं कायद्याने मान्य केलेलं. नंतरच्या तक्त्यांत ते नातं तुटलं, खाचर 'शेती'त गेलं आणि वरचं 'पडीक'मध्ये. खाजणांचंही, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनींचंही, तेच. तिथे मासे, चिंबोऱ्या, निवट्या, आणि कागदावर 'दलदल'.

सातबारावाले:
वरकसचा मुद्दा पटला. पण सातबाऱ्यावर सडा बहुतेक वेळा 'पोटखराबा' म्हणून येतो हे विसरू नका. वर्ग अ म्हणजे लागवडीला अयोग्य. वर्ग ब म्हणजे रस्ता, ओढा, मसणवट असं सार्वजनिक वापरातलं. त्याच्यावर आकार, म्हणजे शेतसारा, नाही.

नवखा_नकाशा:
मला लहानपणी पोटखराबा म्हणजे खाऊन पोट बिघडवणारी जमीन वाटायची. :)

सातबारावाले:
ते पोट म्हणजे आतला भाग. पोटहिस्सा, पोटभाडेकरू यातलंच.

गजाली:
आणि 'सडा'? माझा अंदाज, अंगणात सडा घालतात तसा वरून पाऊस सांडतो आणि सपाट पसरतो, म्हणून सडा.

व्याकरणवेडा:
असल्या व्युत्पत्त्या चहाबरोबर ठीक. पुरावा?

गजाली:
पुरावो गोंयात आसा. वास्कोक सडा म्हणून जागाच आसा, भूशिरार, कातळार.

व्याकरणवेडा:
त्याने शब्दाचा वापर सिद्ध होतो, उगम नाही.

कलमवाला:
मध्येच बोलतो. माझ्या वडिलांनी सड्यावर हापूस लावला तेव्हा आधी पहारीने भोक, मग सुरुंग. जांभा फोडून खड्डा केला, खालून डोक्यावरून माती वाहून भरली, तेव्हा कलम बसलं. पहिली काही वर्षं मडक्याने पाणी. शेजारचे हसायचे. आता त्याच सड्याला दलालाचा फोन येतो, "तुमची पडीक जागा आहे ना, तीच बोला." 'पडीक' म्हटलं की भाव पाडता येतो. शब्दाची किंमत मला तरी रुपयांत कळली.

आगरकर_रेवदंडा:
हेच म्हणत होतो. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी. सगळी सड्यावर. हजारो वर्षांपूर्वी माणसाने ज्याच्यावर हत्ती कोरला ती जागा 'वेस्ट'?

नवखा_नकाशा:
पण एखादा शब्द लागेलच ना? मार्च 2024 मध्ये सिडकोला कोकणातल्या 1635 गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. उद्या नकाशे आले की रंगाच्या खुणेपुढे काहीतरी छापलेलं असणारच. आपण सुचवलं नाही तर 'वेस्टलँड'च येणार.

सातबारावाले:
त्याआधी 'योजना' शब्दाचं काहीतरी करा. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात 'प्रादेशिक योजना' आहे. गावात ते नाव वाचलं की पहिला प्रश्न, "योजनेचे पैसे कधी जमा होणार?" मी दर वेळी 'आराखडा' म्हणायचो. आणि 'ना-विकास क्षेत्र'! एका वाडीत लोक खूश, त्यांना वाटलं विकास झालेला नाही म्हणून आता निधी येणार. प्रत्यक्षात भरतीरेषेपासून 200 मीटरात नवीन बांधकाम बंद. 2019 च्या किनारा नियमनाच्या (सीआरझेड) अधिसूचनेनंतर दाट वस्तीच्या गावांत ते 50 मीटरवर आलं, पण कोण समजावणार.

व्याकरणवेडा:
'ना-विकास' हा समासच चुकीचा आहे. 'विकासनिषिद्ध' म्हणा.

गजाली:
म्हणा आणि वाडीत जाऊन उभे रवा.

कातळवाट:
माझा तक्ता! एक मसुदा सांगते: 'सडा व कातळ (लागवडीखाली नसलेला)', आणि 'पडीक' फक्त टाकलेल्या खाचरांना. चालेल?

सातबारावाले:
मूळ तक्त्यात एकच आकडा आहे ना? दोन ओळींत वाटून लिहायला सडा किती नि खाचरं किती हे कुठून आणणार?

कातळवाट:
तेच. त्यांनी मोजलंच नाही वेगवेगळं.

कलमवाला:
मग एका ओळीतच लिहा, पण खाली तळटीप टाका की यात गुरचरणही आहे. आणि 'खाचर' म्हणू नका, आमच्याकडे तो मळा.

नवखा_नकाशा:
मळा म्हणजे भाजीचा ना? विहिरीवरचा?

कलमवाला:
तो तुमच्या देशावर. आमच्याकडे मळा म्हणजे डोंगराखालचं भाताचं सपाट.

व्याकरणवेडा:
मूळ अर्थ बागायतीचाच.

गजाली:
झाला सुरू.