हिमोग्लोबिन कमी असताना रक्त घट्ट कसे?

प्रश्न (साताऱ्याचा वाचक): माझ्या वडिलांना वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया (रक्ताचा एक कर्करोग) असल्याचे निदान झाले आहे. हिमोग्लोबिन ८.४ असूनही डॉक्टर रक्त घट्ट झाल्याचे सांगतात आणि सीरमच्या श्यानतेचा (म्हणजे दाटपणाचा) अहवाल ४.२ आला आहे. ही संख्या नेमकी कशाची? अ‍ॅस्पिरिन नियमित चालू असताना असे कसे झाले?

निशिगंध: सीरम म्हणजे पेशी आणि गोठण्याची प्रथिने वगळून उरलेला द्रव, त्यामुळे या चाचणीत हिमोग्लोबिनचा संबंधच येत नाही. काचेच्या बारीक नळीतून सीरम वाहायला पाण्याच्या किती पट वेळ लागतो, हे ती संख्या सांगते. निरोगी माणसात ती साधारण १.४ ते १.८ असते. या आजारात आयजीएम हे पाच घटक जोडून बनलेले अवजड प्रथिन वाढते आणि द्रवच दाट होतो. अ‍ॅस्पिरिन केवळ प्लेटलेट्सचे एकमेकींना चिकटणे कमी करते, श्यानता घटवत नाही. उलट या आजारात रक्तस्रावाचा धोका असल्याने ती चालू ठेवावी का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

प्रवाही: संपूर्ण रक्ताची श्यानता ही मात्र वेगळी गोष्ट आहे, कारण तिची एकच एक संख्या नसते. प्रवाह वेगवान असेल तर लाल पेशी लांबट होऊन सरकतात; तो मंदावला की त्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात आणि तेच रक्त कितीतरी दाट होते. म्हणून ३७ अंश तापमान आणि मोजतानाचा कर्तन दर (द्रवाचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात ते) न लिहिलेल्या संपूर्ण रक्ताच्या अहवालाला माझ्या मते फारसा अर्थ नाही. वडिलांच्या डोळ्यांचा पडदा तपासला का? रक्त दाट झाल्यास फुगलेल्या, जागोजागी आवळल्यासारख्या दिसणाऱ्या शिरा तिथे प्रत्यक्ष पाहता येतात.

प्रश्नकर्ता: पडदा उद्या तपासणार आहेत. हिमोग्लोबिनसाठी रक्त चढवावे का?

निशिगंध: घाई नको. लाल पेशी वाढल्या की संपूर्ण रक्ताची श्यानता आणखी वाढते, त्यामुळे लक्षणे असल्यास बहुधा आधी प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग, ज्यात आयजीएम असते) बदलतात. आयजीएम आणि श्यानता यांचा आलेख सरळ रेषेत नसल्याने थोडे प्रथिन काढले तरी श्यानता बरीच उतरते. नाकातून रक्त, अंधूक दिसणे किंवा गुंगी जाणवल्यास उद्याची वाट न पाहता आजच रुग्णालय गाठावे.