ड्रॅगनचं वजन, आग आणि सोनं: गणित कुठे चुकतंय?

रानवाट:
नमस्कार मंडळी. एका काल्पनिक बेटावरच्या ड्रॅगनांवर कादंबरी लिहायला घेतली आहे. बेट ६० किमी लांब, ४० किमी रुंद. त्यावर ४० ड्रॅगन, प्रत्येकी १० टन वजनाचा. चार पाय, दोन पंख, तोंडातून आग, पाठीवर स्वार. ते ३०० वर्षं जगतात, आपसात बोलतात, सोनं साठवतात. मादी २०० वर्षं दर पाच वर्षांनी सहा अंडी घालते. दोन म्होरक्यांची नावं 'मारंब' आणि 'पभूर'. जादू अजिबात वापरायची नाही, सगळं शरीरशास्त्रात बसवायचं आहे. कुठे फाटतंय ते सांगाल का?

पाकोळी:
आधी वजन, कारण बाकी सगळं त्याच्यावर टांगलेलं आहे. लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. म्हणजे पंखाच्या दर चौरस मीटरवर दुप्पट भार, आणि हवेत राहायला सुमारे १.४ पट वेग. असं वाढवत गेलात की एका टप्प्यावर स्नायूंना तो वेग गाठताच येत नाही. पृथ्वीवर उडून गेलेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी एक म्हणजे क्वेट्झलकोॲटलस हा टेरोसॉर, डायनासोरांच्या काळातला उडणारा सरीसृप. पंखांचा विस्तार १० ते ११ मीटर, वजनाचा अंदाज २०० ते २५० किलो. उभा राहिला की जिराफाएवढा उंच. वाचकाला धडकी भरवायला एवढा पुरे. १० टनांचा आग्रह सोडा, २५० किलो धरा.

खाण्याचा हिशेबही तेच सांगतो. १० टनांच्या उष्ण रक्ताच्या प्राण्याला नुसतं पडून राहायला दिवसाला ७०,००० किलोकॅलरी लागतात. हिंडताफिरता त्याच्या तिप्पट धरा, म्हणजे रोज १४० किलो मांस. मांसाहारी सस्तन प्राण्यांसाठी एक ढोबळ प्रमाण आहे: १०,००० किलो भक्ष्यावर ९० किलो शिकारी. तुमच्या ४०० टन ड्रॅगनांना ४४,००० टन भक्ष्य हवं. एक जनावर २०० किलोचं धरलं तर २ लाख २० हजार जनावरं, दर चौरस किलोमीटरला नव्वदच्या वर. मग माणसांची गावं आणि शेतं कुठे मावणार? २५० किलोचे ४० ड्रॅगन असतील तर साडेपाच हजार जनावरांत भागतं, आणि एकेकाला दिवसाला सुमारे ९ किलो मांस पुरतं.

आता पाय. पाठीचा कणा असलेले जमिनीवरचे सगळे प्राणी चार अवयवांच्या मूळ आराखड्यातून आले आहेत. सहा अवयव हवे असतील तर तुमच्या बेटावरचे ससे, हरणं, पक्षी यांच्यातही ती खूण दिसली पाहिजे, एकटा ड्रॅगन आभाळातून पडल्यासारखा नको. शिवाय दोन खांद्यांचे सांधे एकामागे एक बसवले तर उड्डाणाच्या स्नायूंना छातीवर जागा उरत नाही. पक्ष्यांत हे स्नायू शरीराच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के असतात. पुढचे पायच पंख करा. जमिनीवर तो पंख दुमडून मनगटावर चालेल आणि चारही अवयवांनी जोर लावून उडी घेईल. टेरोसॉर असेच उडायचे असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि या पद्धतीत लांब धावपट्टी लागत नाही.

निखारा:
आगीबद्दल. बॉम्बार्डियर भुंगेऱ्याचं उदाहरण सगळेच देतात. त्याच्या एका कप्प्यात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, दुसऱ्यात विकरं. मिश्रण सुमारे १०० अंशांना उकळून फवारतं. पण ती ज्वाळा नव्हे, आणि १०० अंशांवर तेल पेटत नाही.

त्यापेक्षा दोन इंधनं ठेवा. मुख्य इंधन चरबीचं तेल, घशाजवळच्या पिशवीत दोनेक लिटर. पेटवायला राळेतला बाष्पशील (चटकन वाफ होणारा) भाग, म्हणजे टर्पेंटाइन. ते ३५ अंशांच्या आसपास पेटण्याइतकी वाफ सोडतं, आणि उष्ण रक्ताच्या प्राण्याचं तोंड त्याहून गरम असतं. म्हणजे ड्रॅगनने आधी चिडाची राळ चघळायची, वाफ ओठांपर्यंत आणायची, गालात धरलेल्या पायराइटच्या (लोह-गंधकाच्या खनिजाच्या) खड्यावर गारगोटी घासून ठिणगी पाडायची आणि मग तेलाची धार सोडायची. ठिणगी ओठांच्या बाहेर पडली पाहिजे, घशात नव्हे.

बिघडतं ते शेवटी. धार मंदावली की ज्वाळा उलटी तोंडाकडे येते. म्हणून पिशवीच्या तोंडाशी झटकन बंद होणारी झडप हवी आणि मागोमाग फुप्फुसांतून हवेचा झोत. झडप सैल झालेल्या म्हाताऱ्या ड्रॅगनचे ओठ कायम भाजलेले दिसतील. त्याचं वय सांगायला हा तपशील वापरा.

उडताना समोर आग सोडणं विसरा. धुक्यासारखे बारीक थेंब लवकर पेटतात, पण काही मीटरांतच हवेत थबकतात. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर, तो स्वतःच्याच आगीत शिरेल. जाड धार लांब जाते पण पेटायला अवघड. खाली आणि बाजूला, वळण घेताना किंवा कड्यावर बसूनच सोडावी.

आणि किंमत बघा. एक लिटर तेलात सुमारे ८,३०० किलोकॅलरी. दोन लिटर म्हणजे १६,५०० च्या वर. २५० किलोच्या ड्रॅगनचा दिवसाचा खर्चच १३,००० आहे. एका फुंकरीत सव्वा दिवसाचं अन्न जातं. त्यामुळे आग रोजचं हत्यार राहत नाही. बहुतेक भांडणं राळ चघळून दाखवण्यावर मिटतील. दुसऱ्यासमोर राळ चघळणं हाच मोठा अपमान होईल. चिडाची राई ज्याच्या ताब्यात त्याचा दरारा, आणि माणसांना तीच झाडं लाकडासाठी हवीत. तुमचं युद्ध मला इथे दिसतं.

रानवाट:
राळेचं डोक्यातच आलं नव्हतं! वजन उतरवतो. पण सोनं आणि स्वार सोडवत नाहीत. आणि बोलण्याचं कसं?

उंबरठा:
बोलण्यापासून सुरू करते. कडक, न हलणारे ओठ असतील तर प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण निघणार नाहीत. म्हणजे 'मारंब' आणि 'पभूर' ही नावं ते स्वतः उच्चारू शकत नाहीत. एक तर नावं बदला, 'तारंग' आणि 'कघूर' चालतील, नाहीतर ती माणसांनी ठेवलेली आहेत असं दाखवा. हत्ती आणि मगरी आपल्याला ऐकू न येणारे खर्जातले आवाज काढतात. हत्तींचे काही किलोमीटर जातात. ड्रॅगनांचं लांबवरचं बोलणं असंच ठेवा, माणसाला फक्त छातीत थरथर जाणवेल.

अंड्यांचा हिशेब मात्र फार चुकतोय. २०० वर्षांत ४० वेळा सहा अंडी म्हणजे २४०. संख्या स्थिर राहायची तर त्यातली सरासरी दोनच पिल्लं मोठी होऊन वीण धरतील, २३८ मरायला हवीत. पिल्लांना शिकवणाऱ्या, नावं ठेवणाऱ्या समाजात हे बसत नाही. २५ वर्षांनी एक अंडं करा. आठांपैकी सहा जातात, आणि प्रत्येकाचं दुःख धरण्याइतका वेळ त्यांच्याकडे असतो.

सोनं तिथेच कामाला येतं. मगरीच्या अंड्यात नर की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरतं: ३० अंशांच्या आसपास माद्या, साडेबत्तीसच्या आसपास नर. दोन-अडीच अंशांत सगळा खेळ. मॅलीफाऊल पक्ष्याचा नर पालापाचोळ्याच्या ढिगात चोच खुपसून ऊब तपासतो आणि ती ३३-३४ अंशांवर राखतो. सोनं ग्रॅनाइटपेक्षा शंभरपटीहून जास्त चांगलं उष्णतावाहक आहे. अंड्याखाली सोन्याचा पत्रा असेल तर खालची सगळी बाजू सारखी तापते. पण नाण्यांचा ढीग कामाचा नाही, मधल्या हवेमुळे उष्णता अडते. सोनं १,०६४ अंशांना वितळतं, उघड्यावरच्या ज्वाळेने ते साधणं कठीण. खड्डा खणून, कोळसे भरून दोन-तीन ड्रॅगनांनी आळीपाळीने फुंकर घालायची, भात्यासारखी. एकट्याने होत नाही, म्हणून पत्रा ओतायला शेजारी बोलवावे लागतात, आणि बोलावल्यावर न जाणं हे वैर समजलं जातं.

पाकोळी:
स्वाराबद्दल. ७० किलोचा माणूस म्हणजे २५० किलोवर २८ टक्के बोजा, पृथ्वीवर जमणार नाही. तुमच्या जगात हवा दीडपट दाट आणि गुरुत्व ०.७ ठेवा, तेच पंख त्याच वेगाने २.१ पट वस्तुमान उचलतील. ऑक्सिजन मात्र २१ वरून १८ टक्क्यांच्या आसपास आणा, नाहीतर दाट हवेत वणवे आवरणार नाहीत. पण १५ च्या खाली नेऊ नका, लाकूडच धड पेटणार नाही. स्वार दोन खांद्यांच्या मधोमध पालथा झोपलेला हवा. मानेच्या बुडाशी बसवलात तर नाक खाली जातं. आणि खोगिराचा पट्टा छातीवरून नको, उड्डाणाचे स्नायू तिथेच फुगतात. छातीचं हाड जिथे संपतं त्याच्या मागे, पोटाकडून घ्या.