कॉफीचा चोथा कुंडीत थेट टाकू नका

गच्चीवरची बाग (राजेंद्रनगर, इंदूर)

आपल्या बागवाल्या मंडळींत सध्या एकच सल्ला फिरतोय: कॉफीचा चोथा फेकू नका, कुंडीत घाला, गुलाब नुसते लगडतील. माझं मत उलट आहे आणि ते मी नुकसान सोसून बनवलंय.

मुलगी बंगळूरहून परत आल्यापासून घरी दोन वेळा फिल्टर कॉफी होते. रोज मूठभर चोथा निघतो. जानेवारीत मी मेथी आणि पालकाचे ट्रे लावले आणि दोन ट्रेंवर अर्धा इंच चोथा पसरला. शेजारच्या साध्या ट्रेमध्ये चौथ्या दिवशी मेथी डोकं वर काढून उभी. चोथ्याच्या ट्रेमध्ये दहा दिवसांनी मोजून पंधरा-वीस कोंब, तेही पिवळट. पालक तर आलाच नाही.

नंतर वाचत बसले तेव्हा कारण कळलं. कॉफी गाळल्यावरही चोथ्यात थोडं कॅफिन उरतं, आणि ते कोवळ्या मुळांना मारक असतं. दुसरं म्हणजे नत्र. चोथ्यात सुमारे २ टक्के नत्र असतं हे खरं, पण ते प्रथिनांत अडकलेलं असतं. जिवाणूंनी फोडल्याशिवाय ते झाडाला मिळत नाही, आणि ते काम चालू असताना जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात. रोप पिवळं पडणार नाही तर काय होणार? आधी कुजवा, मग घाला. एवढंच सांगायचंय.

बायपासचा बागवान

ताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून सगळ्यांना ‘टाकू नका’ म्हणणं मला पटत नाही. मी चार वर्षं थेट टाकतोय. विजयनगरला एका ओळखीच्या माणसाचं कॅफे आहे, तिथून आठवड्याला पाचेक किलो चोथा येतो. लिंबू, पेरू, मोगरा, सगळ्यांच्या आळ्यात जातो. पावसाळ्यात आळं उकरलं की गांडुळं दिसतात, पूर्वी दिसत नव्हती.

फरक जमिनीचा आहे. माझी झाडं जमिनीत आहेत, खाली हातभर काळी माती. तुमच्या ट्रेमध्ये चार इंच माती, त्यावर अर्धा इंच चोथा. तेवढा डोस कोणतंही बी सोसणार नाही. आणि आपली माळव्याची माती मुळात अल्कधर्मी, त्यात कॉफी आम्लधर्मी. माझ्या मोगऱ्याची पिवळी पानं त्यानेच हिरवी झाली.

गच्चीवरची बाग

दादा, जमिनीतल्या मोठ्या झाडांचं मान्य. पण आम्ल असतं म्हणून फायदा होतो, हे मात्र मला खोडायलाच हवं, कारण लोक त्याच भरवशावर मूठ-मूठ टाकतात. आम्ल पाण्यात विरघळतं, म्हणजे ते तुमच्या कपात जातं. मागे उरलेल्या चोथ्याचा सामू (पीएच) बहुतेक वेळा ६.५ ते ६.८ निघतो, जवळजवळ उदासीन. काळ्या मातीत चुना भरपूर, ती इतक्याने हलत नाही. मोगऱ्याची पानं आपल्याकडे पिवळी पडतात ती बहुधा अल्कधर्मी मातीत लोह मिळत नाही म्हणून. तुम्ही चोथ्यावर आणखी काही घालता का?

बायपासचा बागवान

वाळका पाला घालतो. वीतभर थर. उघडा चोथा ठेवला तर मे महिन्यात त्याचा पापड होतो, पाणी वरून वाहून जातं, आत मुरतच नाही.

गच्चीवरची बाग

मग तुम्ही झाडाखाली कंपोस्टच करताय दादा, फक्त खड्डा न खणता!

तुकोगंजची आजी

आमच्या घरी चहाचा चोथा धुऊन, वाळवून गुलाबाला जायचा. धुवायचा अशासाठी की साखर-दूध राहिलं तर मुंग्या आणि चिलटं होतात. फिल्टरच्या चोथ्यात दूध-साखर नसते, तेवढी कटकट वाचते.

बागेपेक्षा घरात त्याचा जास्त उपयोग आहे असं माझं म्हणणं. वाळवून वाटीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, लसूण-कांद्याचा वास कमी होतो. लोखंडी तवा आणि कढई घासायला राखेइतकाच चांगला, नॉनस्टिकला मात्र लावू नका, चरे पडतात. पांढऱ्या फरशीवर ओला चोथा राहिला तर डाग जात नाही. आणि सिंकमध्ये कधीही सोडू नका! माझ्या सुनेने महिनाभर सोडला. तेलकट पाण्याबरोबर तो पाइपच्या वाकात असा बसला की प्लंबरला पाइप उघडावा लागला.

घरात कुत्रा असेल तर चोथा उघडा ठेवू नका, कुंडीतही नाही. कॅफिन कुत्र्याला विषासारखं असतं. आमचा माती उकरून काहीही तोंडात घालतो, म्हणून मी हे मुद्दाम लिहितेय.

सुदामानगरकर

एवढा खटाटोप कशाला? सकाळी कचरा गाडी दाराशी येते, गीला कचऱ्यात टाका. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ पासून चालू आहे, सुरू झाला तेव्हाच रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची क्षमता होती. त्यातून गॅस निघतो, खत निघतं, बस धावतात. २०१७ पासून शहर स्वच्छतेत पहिलं येत गेलं ते आपण गाडीत कचरा नीट वेगळा करून दिला म्हणून. मूठभर चोथ्यासाठी गच्चीवर चिलटं पोसायची गरज नाही. फ्लॅटमध्ये शेजारी तक्रार करतात, माझ्याकडे झालीय.

शेतकी कॉलेजचा जुना विद्यार्थी

काका, गाडीत टाकणं नाल्यात टाकण्यापेक्षा हजारपट बरं. पण इंदूरच्या माणसाने खत करायला कंटाळावं याचं मला खरंच वाईट वाटतं. जगभर कंपोस्टच्या ज्या पद्धतीला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, ती आपल्या कॉलेजच्या आवारात जन्मली. तेव्हा तिथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री होती, जागा होळकर संस्थानाची. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ तिथे होते आणि त्यांच्याबरोबर काम करणारे यशवंत वाड. या पद्धतीवरच्या १९३१ च्या पुस्तकावर दोघांची नावं आहेत. हॉवर्डचं नाव सगळे घेतात, वाडांचं आपणही घेत नाही. गांधीजी १९३५ मध्ये इंदूरला आले तेव्हा ही खताची कामं बघायला गेले होते.

त्या पद्धतीचं मर्म एवढंच: कोरडा पालापाचोळा आणि नत्र देणारं शेण यांचे थर द्यायचे, आंबटपणा मारायला राख, ओलावा राखायचा, तीन वेळा खालवर करायचं, तीन महिन्यांत खत. चोथा रंगाने तपकिरी असला तरी कंपोस्टमध्ये त्याला शेणाच्या बाजूला धरायचं, कारण त्यात कर्ब (कार्बन) आणि नत्राचं प्रमाण साधारण २० ला १ असतं, म्हणजे नत्र भरपूर. म्हणून त्याच्यासोबत कोरडा पाला भरपूर हवा. आणि ढिगात चोथा पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको, मग बागवानदादांचं पाच किलोचं पोतंसुद्धा चालेल. चिलटं होतात ती ओलं वर उघडं राहतं म्हणून. प्रत्येक वेळी वर मूठभर कोरडी माती किंवा पाला टाका.

सुदामानगरकर

वाडांचं माहीत नव्हतं. पण तिसऱ्या मजल्यावर पाला आणायचा कुठून?

गच्चीवरची बाग

काका, आमच्या कॉलनीच्या बागेत माळी रोज पाला गोळा करतो. दोन गोणी मी तुमच्यासाठी मागून ठेवते. झाकणाची जुनी बादली असेल तर तिला बाजूने भोकं पाडा, तेवढ्यात दोन माणसांच्या घराचं भागतं.

बायपासचा बागवान

मोठ्या झाडांना मी थेटच घालणार, पाल्याखाली. त्यावर माझं मत बदललेलं नाही. आम्लाचं मात्र मी चुकीचं सांगत होतो, दोन-चार जणांना तसं सांगूनही बसलोय, त्यांना आज फोन करतो. आणि रविवारी तीन परातींत मेथी पेरतोय: एक नुसत्या मातीची, एक ताज्या चोथ्याची, एक माझ्या आळ्यातल्या वर्षभर कुजलेल्या मातीची. फोटो इथेच टाकेन.

गच्चीवरची बाग

तिन्हींना पाणी मोजून सारखं घाला दादा. आणि परातीला खाली भोकं पाडा, नाहीतर बी कुजेल आणि आपण चोथ्याला दोष देऊ.